मागून येणारी गोडी

माझी जीभ गेली हे मला ज्या सकाळी कळलं, त्या सकाळी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. जीभ म्हणजे बोलायची नव्हे. ती काही जायची नाही, असं आमचे हे येईल-जाईल त्याला सांगत असतात. गेली ती चवीची.

आमचा धंदा कॉफी भाजायचा. पुढे दुकान, मागे भट्टी. पुढे आमचा लेक मशीनवर एस्प्रेसो काढतो आणि गिऱ्हाइकांशी गप्पा छाटतो. आमचे हे गल्ल्यावर बसून पेपर वाचतात आणि मधूनमधून सुटे पैसे नाहीत म्हणून कुरकुरतात. मागे मी. भट्टी म्हणजे एक लोखंडी ड्रम, खाली जाळ. हिरवे दाणे आत ओतायचे, ते फिरत फिरत पिवळे होतात, मग तांबूस, मग तपकिरी, तडतड वाजायला लागतात, आणि नेमक्या क्षणाला बाहेर काढायचे. तो क्षण घड्याळाला कळत नाही, नाकाला कळतो. नाक चुकलं तर जीभ पकडते. माझ्या नाकावर आणि जिभेवर हे दुकान उभं आहे, असं मी स्वतःहून म्हणत नाही. पण कोणी म्हटलं तर त्याला अडवतही नाही.

लोक लांबून येऊन आमच्याकडे जी कॉफी पितात, तिचं नाव 'डोंगरमाथा'. वर डोंगरावर एक गाव आहे, तिथल्या सगळ्या मळ्यांचा माल एकत्र होऊन आमच्याकडे येतो. त्यात मी खालच्या पट्ट्यातला थोडा जाड दाणा मिसळते, कॉफीला जरा अंग यावं म्हणून. एवढंच ते मिश्रण. पण त्याची गंमत अशी, की घोट घेतला की आधी कडवटपणा येतो, मग कोकोसारखा वास नाकात भरतो, आणि तुम्ही घोट गिळून मोकळे झालात, आता संपलं म्हणालात, की मागून एक गोडी येते. मनुका खाऊन झाल्यावर दातांत राहते ना, तशी. साखरेचा कण नसताना. नव्या गिऱ्हाइकाचा चेहरा त्या वेळी बघण्यासारखा होतो. मी भट्टी सोडून पडद्याच्या फटीतून बघत उभी राहायचे.

तर मला ताप आला. चांगला अंथरुणाला खिळवणारा. भट्टी सूनबाईने सांभाळली. मुलगी हुशार आहे, हात स्वच्छ आहे, फक्त बोलायला महाग. मी एका श्वासात जेवढं बोलते, तेवढं ती आठवड्यात बोलत असेल. ताप उतरला, तोंडाची चव परत आली, वरण-भात वरण-भातासारखा लागायला लागला, तशी मी भट्टीशी गेले. तोवर डोंगरावरून नव्या हंगामाचा माल आला होता आणि सूनबाईने तो भाजून पुढे लावलाही होता. लेकाने मोठ्या प्रेमाने कप आणून दिला. मी घोट घेतला. कडवटपणा आला. कोको आला. गिळलं. आणि मग मी वाट बघत बसले.

काही आलं नाही.

मला आधी ग्राइंडरचा राग आला. तो उघडून, घासूनपुसून लख्ख केला. मग पाण्याचा आला. मग कपाचा. मग लेकाचा, कारण तो जवळ होता. तो म्हणाला, आई, लोक मिटक्या मारून पितायत. आणि खरंच, पुढे सगळे खुशीत होते. आमच्या ह्यांनी दोन कप रिचवले आणि नेहमीसारखीच आहे म्हणाले, पण ह्यांना भाजलेले शेंगदाणे उकळून दिले तरी नेहमीसारखंच लागेल, त्यामुळे तो पुरावा मी धरला नाही. सूनबाईला विचारलं. ती ड्रम पुसत होती. मान वर न करता म्हणाली, "छान आहे की, आई."

सगळ्या जगाला लागतंय आणि मला लागत नाही, म्हणजे गोष्ट उघड होती. जीभ माझीच गेली होती, आणि मी घाबरले ती इतर कोणी घाबरलं असतं त्याहून जास्त.

याला कारण आहे. ही भट्टी माझ्या सासूबाईंची. मला हे काम त्यांनीच शिकवलं, कान पिळून शिकवलं. आणि उतारवयात त्यांची जीभ गेली ती त्यांना कळलीच नाही. त्या आपल्या दिमाखात कोळसा भाजत राहिल्या आणि आम्ही सगळे तो कोळसा पीत राहिलो, कारण त्यांना सांगायची छाती कोणाची? गिऱ्हाईक हळूहळू समोरच्या दुकानात गेलं. त्या वेळी मी मनाशी ठरवलं होतं की माझ्यावर ही पाळी आली तर मला कोणी सांगायची वाट बघायची नाही. आपणहून उठायचं आणि बाजूला व्हायचं. ठरवताना सोपं होतं, तेव्हा माझी जीभ ठणठणीत होती.

पण माझा स्वभाव असा, की मरायचं तरी खात्री करून. डोंगरावर फोन लावला. तिथल्या मळेवाल्यांची एक संस्था आहे, तिचे अध्यक्ष फोनवर इतके ओरडून बोलतात की फोनची गरज का पडते कळत नाही. त्यांना विचारलं, यंदा मालात काही बदल? ते म्हणाले, छे छे, तीच जमीन, तेच पाणी, तीच माणसं, उलट यंदाइतका सुंदर माल कधी निघालाच नव्हता. मी फोन ठेवला आणि सूनबाईला म्हटलं, गाडी काढ, आपण वर जातोय. तिथे, त्यांच्या पाण्यात, त्यांच्या पोत्यातला माल मी स्वतः चाखणार. तिथेही मला काही लागलं नाही तर प्रश्न मिटला. त्या दिवसापासून भट्टी तुझी.

कोणतीही सून हे ऐकून मनातल्या मनात का होईना, खूश होईल. ही पांढरीफटक पडली. काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पुन्हा मिटलं, आणि किल्ली घ्यायला गेली.

रस्ता वळणावळणाचा. खाली ऊन होतं, वर चढत गेलो तसं धुकं लागलं. सूनबाई गाडी छान चालवते, पण त्या दिवशी प्रत्येक वळणावर गिअर कुरकुरत होता. मी बोलत होते. भट्टीचा पट्टा कधी बदलायचा, धुराड्याची जाळी कोण साफ करतं, पावसाळी हवेत जाळ किती ठेवायचा, सगळं सांगून टाकलं, जणू मी गाडीतून उतरून थेट वर देवाघरीच जाणार होते. ती नुसती हं हं करत होती. एकदा मी बघितलं तर तिचे डोळे भरलेले. मला वाटलं, पोरीला माझी किती माया. आणि मग मलाच रडू आलं, आणि पुढची दोन-तीन वळणं आम्ही दोघी नाक ओढत गेलो.

संस्थेची खोली म्हणजे पत्र्याचं छप्पर, मोठा वजनकाटा, भिंतीला लावलेली पोत्यांची थप्पी. आणि समोरच्या भिंतीवर, चांगली काचेच्या चौकटीत बसवलेली, आमची रिकामी पिशवी. मागच्या हंगामात आमच्या लेकाने वर जाऊन सगळ्या मळेवाल्यांचा एकत्र फोटो काढला होता आणि तो पिशवीवर छापला होता. आम्ही खाली ती पिशवी रोज फाडतो आणि फेकतो. इथे तिची चौकट. येणारा प्रत्येक जण आधी मला आपलं तोंड दाखवत होता. हा मी, ही माझी बायको, हा माझा मेव्हणा, ह्याने त्या दिवशी मुद्दाम माझा सदरा घातला होता. कडेला एक नुसताच कान दिसत होता. तो कोणाचा, विचारलं, तर सगळे हसले. म्हणाले, तो आमचा निवांत. त्याला सगळीकडे पोचायला उशीर होतो, फोटोलाही झाला.

अध्यक्षांनी पोतं उघडून दाखवलं. मी हात घातला. दाणे एकसारखे, निळसर हिरवे, एकाही दाण्याला डाग नाही. दरवर्षी आमच्या पोत्यांत काही वेडेवाकडे, पिवळट, ठिपक्या-ठिपक्यांचे दाणे असायचे, ते यंदा औषधालाही नव्हते. अध्यक्ष म्हणाले, आता आमची तोंडं पिशवीवर आहेत, मग माल कसा पाहिजे? तोंड दाखवण्यासारखा पाहिजे. मी पुन्हा विचारलं, वाळवणीत काही बदल? भाजीपाल्यासारखी काही खतं-बितं? त्यांनी गळ्याची शपथ घेतली. काही बदललं नाही, नुसतं चांगलं झालंय. आणि त्यांचा चेहरा इतका निर्मळ होता की मी विश्वास ठेवला. तो माणूस खोटं बोलत नव्हता, हे मला अजूनही मान्य आहे.

आम्ही हाताने दाबायचं छोटं एस्प्रेसो मशीन बरोबर नेलं होतं, आणि ह्याच मालातले आमच्याकडे भाजलेले दाणे. सूनबाईने पाणी उकळलं, दाणे दळले, कप भरले. आधी गावाला दिली. इतकी वर्षं जी कॉफी ते पिकवतात, ती अशी कधी त्यांच्या तोंडाला लागली नव्हती. ते दिवसभर चहा पितात, दुधाचा, साखरेचा, पेला भरून. कपाच्या बुडाशी एवढासा काळा घोट बघून एका बाईने विचारलं की बाकीची कधी देणार. एकाने पिऊन डोळे गच्च मिटले आणि मेव्हण्याचा खांदा धरला. अध्यक्षांनी मान राखला, गिळली, आणि म्हणाले, अंगात ताकद येत असणार. मला एरवी हसू आवरलं नसतं. पण आता कप माझ्या हातात होता.

मी घोट घेतला. कडवट. कोको. गिळलं. वाट बघितली. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. सूनबाई बघत नव्हती, ती जमिनीकडे बघत होती.

छान आहे, असं मी म्हटलं, कारण त्या लोकांचा काय दोष? कप खाली ठेवला आणि जरा पाय मोकळे करून येते म्हणून बाहेर पडले.

कुठे जायचं ते ठरलेलं नव्हतं. जिकडे माणसं नाहीत तिकडे जायचं होतं. एक पायवाट मळ्यामळ्यांतून डोंगराला वळसा घालून मागच्या अंगाला जात होती, ती धरली. वळसा संपला तशी हवा एकदम गार झाली. पुढच्या अंगाला ऊन होतं, इकडे सावली, झाडांच्या पानांवर अजून दव. मी चालता चालता मोठमोठ्याने स्वतःशी बोलत होते. मी सासूबाईंवर चिडले, देवावर चिडले, तापावर तर फारच चिडले. एवढं सगळं दिलंस, आणि घेताना नेमकी जीभ घेतलीस? गुडघा घ्यायचा होता, दोन आहेत.

"ताई, कोणाशी भांडताय?" असा आवाज आला.

एक घर होतं. अंगणात उंच बांधलेल्या जाळ्या आणि जाळ्यांवर कॉफीची फळं अजून वाळत पडलेली, काळपट, सुरकुतलेली. घरधनीण जाळीवर हात फिरवत होती आणि पायरीवर एक उंच, वाकलेला माणूस पाय पसरून बसला होता. त्याच्या कानावरून मी त्याला ओळखलं. हा निवांत. त्याने उठायला सुरुवात केली, पण त्याचं उठणं पुरं व्हायच्या आत त्याच्या बायकोने मला हाताला धरून आत नेलं, बसवलं आणि चुलीवर भांडं चढवलं. चहा संपलाय, म्हणाली, कॉफी चालेल ना? आमच्याकडे यंदा कॉफीच कॉफी आहे.

कॉफी हा शब्दही मला नको होता. पण दारी आलेल्या माणसाला घरात जे आहे ते देतात आणि त्याने ते घ्यायचं असतं. तिने तव्यावर भाजून कुटलेली पूड पाण्यात टाकली, उकळली आणि फडक्यातून गाळली. पातळ, गढूळ, एका बाजूने करपलेली. माझ्या दुकानात कोणी अशी दिली असती तर मी त्याला पेल्यासकट बाहेर काढलं असतं. मी डोळे मिटून घोट घेतला आणि औषधासारखा गिळला.

आणि ती आली. मागून, सावकाश, घशापाशी जराशी थबकून. मनुकांची गोडी.

मी दुसरा घोट घेतला. पुन्हा आली. मी पेला संपवला, अजून मागितली, तीही संपवली. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. त्या बिचारीला वाटलं, तोंड भाजलं. ती गार पाणी घेऊन आली. मी तिला म्हटलं, भाजलं नाही गं बाई, काही भाजलं नाही, सगळं जागच्या जागी आहे. आणि तिला मिठी मारली. निवांत दारात उभा राहून हे बघत होता. तोवर त्याचं उठणं पुरं झालं होतं.

मग मी त्याला खोदून खोदून विचारलं. त्याचा मळा डोंगराच्या मागे, ऊन दुपार कलल्यावर कुठे पोचायचं. फळ सगळ्यांच्या नंतर पिकायचं आणि पिकलं की धुक्यात वाळता वाळत नसे. सगळ्या गावाच्या जाळ्या रिकाम्या झाल्या तरी ह्याच्या भरलेल्या. दरवर्षी गाव चेष्टा करत करत त्याच्यासाठी थांबायचं, त्याचा माल आला की सगळ्यांच्या मालात मिसळायचं, आणि मग पोती शिवली जायची. ते पिवळट, ठिपक्यांचे, वेडेवाकडे दाणे ह्याचे होते. मग यंदा काय झालं? तर यंदा कोणी काही बोललं नव्हतं. पिशवी आली, तिची चौकट झाली, आणि हा स्वतःच अध्यक्षांकडे जाऊन सांगून आला की या वेळी माझ्यासाठी थांबू नका, माझा माल नको. त्यांनी एकदा नाही म्हटलं, दुसऱ्यांदा नाही म्हटलं नाही.

"सगळ्यांची तोंडं आहेत, बाई, त्या पिशवीवर," तो मला समजावून सांगत होता. "माझ्या मालामुळे एकाचंही खाली जायला नको."

आणि हे काही तो रडत-कुढत सांगत नव्हता. त्याला ते अगदी रास्त वाटत होतं. पुढच्या हंगामाआधी झाडं उपटून बटाटा लावायचा, हेही त्याने ठरवलं होतं. बटाट्याला तोंड नसतं, म्हणाला. मी त्याला म्हटलं की एका जरी झाडाला हात लावलास तर मी इथे येऊन राहीन आणि सकाळ-संध्याकाळ बोलत राहीन. ही धमकी आमच्या घरी चालते, तिथेही चालली.

स्वेटरचे दोन्ही खिसे त्याच्या वाळवून सोललेल्या दाण्यांनी भरून मी परत पळत आले. या वयात पळणं म्हणजे जोरात चालणं, पण दम तेवढाच लागतो. संस्थेत शिरून मी जाहीर केलं की माझी जीभ शाबूत आहे, तुमचं डोकं गेलंय. अध्यक्षांना आधी कळेना. कळलं तेव्हा ते हसले, मग सगळेच हसले. निवांतचा माल? त्या डागाळ दाण्यांनी तुमची कॉफी होते? त्यांना वाटलं, बाईला डोंगराची हवा लागली. मला उलट राग आला आणि रागात मी बोलून गेले: करा परीक्षा. कप तुम्ही लावा, कशात काय ते फक्त तुम्हाला माहीत. मी चुकले तर भट्टी सूनबाईची, इथल्या इथे, सगळ्यांच्या देखत.

"आई, नको," सूनबाई म्हणाली. मी तिच्याकडे लक्ष दिलं नाही.

संस्थेत नमुना भाजायचा हाताने फिरवायचा छोटा ड्रम होता. सूनबाईने त्यावर दोन प्रकारे भाजलं. एकदा नुसता यंदाचा सुंदर माल, एकदा त्यातच निवांतचा थोडा मिसळून. भाजल्या भाजल्या एस्प्रेसो काढली तर ती नुसती फसफसते, दाण्यांना विसावा लागतो, म्हणून सकाळपर्यंत थांबायचं ठरलं. आम्हाला अध्यक्षांच्या घरी झोपवलं. मी पडल्या पडल्या झोपले. माझ्या शेजारी कोणी कूस बदलत होतं की काय, मला माहीत नाही.

सकाळी अख्खं गाव जमलं. अध्यक्षांनी मशीन दाबायला शिकून घेतलं, आम्हाला बाहेर काढलं आणि टेबलावर एका ओळीत कप मांडले, एका कपात निवांत, बाकीच्यांत नाही. पण त्या गृहस्थाला स्वतःच्या हुशारीचं फार. ते म्हणाले, एकट्या बाईंनी सांगितलं तर तो अंदाजही असू शकतो. सूनबाईंनीही चाखायचं. दोघींनी पाठीला पाठ लावून उभं राहायचं आणि मी सांगेन तेव्हा बोटांनी दाखवायचं, कितवा कप. मी म्हटलं, तिला कशाला मधे घेता, ती छानच म्हणणार. पण लोकांना गंमत हवी होती.

मी एकेक घोट घेतला. पहिला कडवट, कोको, काही नाही. दुसरा तसाच. तिसरा तसाच. चौथा गिळला, आणि मला वाट बघावी लागली नाही. पुढचे मी शिस्त म्हणून प्यायले. मग सूनबाईने घेतले. मला ती दिसत नव्हती, तिची पाठ माझ्या पाठीला टेकलेली होती, एवढंच कळत होतं. अध्यक्ष म्हणाले, दाखवा. मी चार बोटं वर केली.

लोक माझ्या हाताकडून माझ्या पाठीमागे बघायला लागले. मला वाटलं, चुकले. मग समोरची ती काल बाकीची कॉफी मागणारी बाई तोंडावर हात घेऊन हसायला लागली. मी वळून बघितलं. सूनबाईचा हात वर होता आणि चारच बोटं होती. अध्यक्ष टेबलाला धरून उभे होते आणि कधी माझ्या हाताकडे, कधी तिच्या हाताकडे बघत होते. मग त्यांनी हळूच मान हलवली आणि खोलीत असा गलका झाला की वजनकाट्याचं पारडं हललं.

निवांत पोचला तेव्हा सगळं आटोपलं होतं. काय झालं, कोण जिंकलं, म्हणून तो दारात विचारत होता आणि लोक त्याच्या पाठीवर थापा मारत होते. अध्यक्षांनी स्वतः त्याला कप दिला. त्याने तो काळा घोट घेतला, तोंड असं वाकडं केलं की विचारू नका, कसाबसा गिळला, आणि मग थांबला. थांबण्यात तर तो पटाईत. हळूहळू त्याचं तोंड सरळ झालं.

"अरे," तो बायकोला म्हणाला, "हे तर आपल्या घरचंच आहे."

तिने कप हातातून काढून घेतला आणि उरलेलं स्वतः प्याली. तोवर मेव्हणामंडळी पोती उचलायला मागच्या अंगाला निघालीही होती, आणि अध्यक्ष ओरडून सांगत होते की पुढच्या वर्षीपासून निवांतच्या जाळ्या रिकाम्या झाल्याशिवाय एकही पोतं शिवायचं नाही.

मी सूनबाईला हाताला धरून बाहेर नेलं. आमच्या गाडीच्या मागे उभी केली आणि विचारलं, तुला कसं कळलं?

ती म्हणाली, "मला पहिल्या दिवसापासून कळत होतं, आई. तुम्ही तापात होता तेव्हाच. मला वाटलं, मीच जाळली ती गोडी. माझ्या हाताने गेली."

"मग बोलायला काय झालं होतं?"

"तुम्ही भट्टी काढून घेतली असती."

मी रागाने तोंड उघडलं, आणि मिटलं. कारण घेतली असती. शंभर टक्के घेतली असती, वर चार लोकांना सांगितलं असतं.

म्हणजे इतके दिवस मी जीभ गेली म्हणून रडत होते आणि ही हात गेला म्हणून. एकाच घरात, एकाच भट्टीच्या दोन बाजूंना, आणि दोघींनाही एकच गोष्ट लागत नव्हती. अख्ख्या दुकानात, अख्ख्या गावात, फक्त आम्हा दोघींना. मला आधी हसू आलं, मग एकदम काहीतरी लक्षात आलं आणि मी गाडीच्या पायरीवर बसले. माझी जीभ कधीतरी जाणारच होती. आज नाही तर पुढे. तापाने नाही तर वयाने. त्या भीतीने माझा जीव किती दिवस मुठीत होता, आणि ती भीती आता मला शोधूनही सापडेना. माझ्या पाठीला पाठ लावून तीच जीभ उभी होती, तरणीताठी.

मी जिंकले होते. बोलीप्रमाणे भट्टी माझी राहणार होती, गावाच्या देखत. मी भट्टीच्या खोलीच्या किल्ल्या काढल्या आणि तिच्या हातावर ठेवल्या.

ती नको नको म्हणाली, जे म्हणायचं असतं ते सगळं म्हणाली. मी म्हटलं, गपचूप घे, मी फार वेळा विचारत नाही. तिने मूठ मिटली. आणि मग, लग्न होऊन आमच्या घरात आल्यापासून पहिल्यांदा, ती उताराचा सगळा रस्ता बोलत होती. जाळ कुठे कमी करायचा, निवांतचा माल वेगळा भाजून मग मिसळला तर काय होईल, भट्टी खिडकीकडे सरकवली तर धूर कसा जाईल. मला मधे तोंड घालायला एक फट मिळेना.